तीन नंबरच्या मशीनवरचा चोर

आमच्या दुकानात भांडणं दोनच गोष्टींवरून व्हायची. पंख्याखालची खुर्ची कुणाची, हे पहिलं. आणि जगातला सगळ्यात भारी गेम कुठला, हे दुसरं. पहिलं मी मिटवायचे, कारण पंखाही माझा आणि खुर्चीही माझी. दुसरं अजून मिटलेलं नाही. परवा एका माणसानं मला बाजारात अडवून विचारलं, "काकी, तुम्ही एवढी वर्षं बघितलंत, आता तुम्हीच सांगा." तेव्हा वाटलं, हे एकदा लिहूनच टाकावं. पण उत्तर द्यायचं तर अण्णांची गोष्ट सांगावी लागते, आणि अण्णांची गोष्ट सांगायची तर माझी चूक कबूल करावी लागते. करते. दिवाळीच्या तोंडावर सगळेच घर साफ करतात, मी मनही करते. खरं म्हणजे साफ करण्यातूनच सगळं रामायण घडलं.

ओतूरला एसटी स्टँडासमोर आमचं दुकान. आधी फोनचं बूथ होतं, मग झेरॉक्स आलं, मग आतल्या खोलीत सहा कॉम्प्युटर. आमचे हे बाहेर झेरॉक्सवर, मी आत. माझं शिक्षण सातवी. पहिल्यांदा माऊस हातात दिला तेव्हा मी तो टीव्हीच्या रिमोटसारखा उचलून पडद्याकडं रोखला होता. आमचे हे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते करून दाखवतात. पण शिकले हो. मशीन उघडून धूळ काढायला शिकले, पंखा बदलायला शिकले. इंग्रजी वाचता येत नाही, पण पडद्यावरचे वीसेक शब्द आकारावरून ओळखते, गर्दीतही आपल्या माणसाची चाल ओळखावी तसे.

लोकांना वाटतं, आमचं दुकान फॉर्म आणि सातबाऱ्यावर चाललं. ते दिवसा चाललं, पण मशिनं खरी राबली ती सोंगाच्या गेमवर. हे नाव माझं. गाडीचा गेम गाडी आपटली की संपतो, गोळीबाराचा गेम आपण मेलो की संपतो. सोंगाचा गेम मात्र महिनोन्महिने संपत नाही. त्यात आधी आपण कोण ते ठरवायचं. बाई की बुवा, नाक केवढं, तलवार चालवणार की मंत्र म्हणणार की नुसत्या जिभेवर पोट भरणार. मग एका मोठ्या मुलखात नेऊन सोडतात. कुणाला मदत करायची, कुणाला फसवायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळं आपल्यावर. जत्रेत सोंग घेणाऱ्याला निदान ठरलेलं नाचावं लागतं, इथं तेही नाही. आमच्याकडचे हे गेम गोऱ्या लोकांच्या देशातले. असे गेम जपानकडंही होतात. पण आमच्या भालेराव मॅडम म्हणायच्या, "काकी, तिकडच्या गेममध्ये आपण दुसऱ्याच्या गोष्टीतले पाहुणे असतो. हे गोरे लोक गोष्ट आपल्या अंगावर टाकतात आणि निघून जातात."

इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून मी माझी नावं ठेवली होती. बर्फाचे डोंगर, ड्रॅगन आणि वाट फुटेल तिकडं जायची मुभा, तो 'डोंगराचा'. बॉम्ब पडून सगळी दुनिया जळाली आणि लोक डबे-पत्रे गोळा करत फिरतात, तो 'राखेचा'. आभाळातून जहाज घेऊन फिरायचं आणि आपल्या माणसांची मर्जी सांभाळायची, तो 'यानाचा'. आणि प्रत्येक गोष्टीला पडद्यावर फासा पडतो, चार सोबती आपसांत भांडतात आणि मारामारीपेक्षा बोलणंच जास्त, तो 'बोलका'. गिऱ्हाईकंही पुढं हीच नावं घ्यायला लागली. पुण्याहून आलेला एक पोरगा "काकी, राखेचा आहे का?" असं विचारून गेला तेव्हा मला फार बरं वाटलं.

तर भांडण होतं ते भालेराव मॅडम आणि तांबे अण्णा यांचं.

मॅडम मूळच्या अवसरी बुद्रुकच्या, इथं हायस्कूलला गणित शिकवायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की खांद्याला पर्स, हातात वही घेऊन येणार आणि पाच नंबरवर बसणार. त्या आल्या की बाकीच्या मशीनवरची पोरं श्वास रोखून खेळायची. मॅडम 'बोलका' खेळायच्या. समोरचा काय म्हणाला, आपण काय उत्तर दिलं, फासा किती पडला, सगळं वहीत. एकदा 'यानाचा' खेळताना त्यांच्या चुकीनं त्यांचा एक सोबती मेला. मॅडम पर्स उचलून निघून गेल्या. सोमवारी त्यांनी नववीच्या दोन्ही तुकड्यांना गृहपाठ दिला नाही. पोरं मला येऊन विचारायची, "काकी, मॅडमचं अजून कुणी मरणार आहे का?"

आणि अण्णा. तांबे अण्णा एसटीत कंडक्टर. माळशेज घाटातून कल्याणच्या गाडीवर बत्तीस वर्षं काढली. बत्तीस वर्षांत एकही माणूस बिनतिकीट नेला नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा त्यांच्या सासूबाई बनकरफाट्याला गाडीत चढल्या आणि "जावयाची गाडी" म्हणून ऐसपैस बसल्या. अण्णांनी त्यांचं तिकीट फाडून हातात दिलं. सासूबाई पुढं सहा वर्षं जगल्या, पण जावयाच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. रिटायर झाल्यावर अण्णा पेन्शनीचा कसलासा कागद काढायला आमच्याकडं आले, प्रिंटर अडला, म्हणून वेळ घालवायला मी त्यांना 'डोंगराचा' लावून दिला. तिथून तीन नंबरचं मशीन त्यांचं झालं.

आता हा एवढा सरळ माणूस. पण त्या गेममध्ये त्यांनी जी चोरी मांडली, तिला तोड नाही. तिकडच्या घरांतून ताटल्या, पेले, पाव, मेणबत्त्या, समोर दिसेल ते उचलायचे. विशेष जीव लाकडी पळ्यांवर. पळ्या ठेवायला त्यांनी गावाबाहेर एक घर केलं होतं, त्यात पाय ठेवायला जागा नाही, नुसत्या पळ्या. सोबत्याच्या खांद्यावर माल लादून म्हणायचे, "पावणं, एवढी पिशवी धरा." अरुंद दारात सोबती अडकला की तोंडातून आपोआप निघायचं, "चला, पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाये!" शिपाई दिसला की खुर्चीत अंग चोरायचे आणि ओरडायचे, "चेकर आला!"

एकदा डिंगोऱ्याचा एक शेतकरी उताऱ्यासाठी थांबला होता. अण्णांवर पडद्यात लांडगा धावून आला. आमच्याकडं उसात बिबट्या ठेवलेलाच, त्यामुळं तो गडी ताडकन उठला आणि ओरडला, "बॅटरी मारा डोळ्यांवर! खाली वाकू नका! फटाके हायेत का कुणाकडं?" अण्णाही घाबरून टेबलावर बॅटरी शोधायला लागले. तेवढ्यात लांडग्यानं काम उरकलं.

मॅडम म्हणायच्या, "अण्णा, गेम तो, ज्यात विचार करावा लागतो. तुम्ही भांडी चोरता."

"मॅडम, तुमच्या गेमात लोकं नुसती बोलत्यात. बोलनारी लोकं मी बत्तीस वर्ष गाडीत ऐकली. सगळ्यात भारी गेम हाच. हितं मला कुनी इचारत न्हाई."

ही झाली माणसं. आता माझ्या धंद्यातली एकच गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. असा गेम एका बैठकीत संपत नाही. जिथवर आलो तिथं तो बांधून ठेवावा लागतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होतो. त्याला सेव्ह म्हणतात. मी म्हणायचे खुंट्याला बांधणं. वीज गेली आणि बॅटरी पीं पीं करायला लागली की मी दारातून ओरडायचे, "खुंट्याला बांधा!" आणि सहाही मशीनवर बोटं पळायची. ज्यानं बांधलं नाही, त्याचं जनावर गेलं.

अण्णांनी त्या गेममध्ये वर्ष घालवलं. भादव्याच्या शेवटी ते अगदी शेवटच्या दरवाज्यापाशी पोचले. डोंगरावरचा एक मोठा दगडी दरवाजा, तो ओलांडला की गोष्ट संपते आणि आतला म्हातारा तुम्ही आयुष्यभर काय काय केलं ते वाचून दाखवतो. तिथं अण्णा थांबले. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. पडद्याला नाक लावून खेळायचे.

"वहिनी," मला म्हणाले, "वर्षभर धुक्यात खेळलो. आता शेवट न्हाई बघायचा. मंचरला लेकीकडं जातो, डाक्टरची तारीख हाये. डोळा नवा घालून येतो आन मग दार उघडतो. कोजागिरीला येतो. तवर माझं मशीन जपा."

"जपते," मी म्हणाले.

आणि मग नवरात्र आलं.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घर धुऊन काढतात. मांडवी नदीच्या काठाला गोधड्यांची रांग लागते, जाळी-जळमटं निघतात, डबे उन्हात जातात. मी दरवर्षी दुकानही धुते. कीबोर्ड उलटे करून झटकते, वायरी पुसते, मशिनांच्या जुन्या साडीच्या खोळी धुऊन घालते. त्या वर्षी मला अक्कल अशी सुचली की बाहेरून पुसतो, मग आत का नाही? एकेका मशीनमध्ये शिरले. न कळणारं नाव, जुनी तारीख, घ्या उचलून, टाका टोपलीत. तीन नंबरमध्ये एक भलंमोठं काहीतरी दिसलं, तेही टाकलं. एवढं करून थांबले असते तरी निभावलं असतं, कारण टोपलीतलं परत काढता येतं. पण भरलेली केराची टोपली घरात ठेवून कुणी घट बसवतं का? रिकामी करायला गेले. मशीन बिचारं विचारत होतं, नक्की का? मी मनात म्हटलं, नक्कीच, आणि बोट दाबलं. सहाही मशिनांना हळदकुंकू लावलं.

चूक कळली शनिवारी. मॅडम म्हणाल्या, "काकी, अण्णांच्या घरातल्या पळ्या दाखवा जरा, किती झाल्या बघू." गेम लावला. पडद्यावर फक्त पहिली ओळ. नवा खेळ सुरू करा. बाकी काही नाही. मॅडमनी पाच मिनिटं शोधाशोध केली, मग चष्मा काढला.

"काकी, टोपली रिकामी केलीत?"

"घट बसायचे होते."

मॅडमनी नववी 'ब'कडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं फक्त.

मी लगेच अण्णांच्या लेकीला फोन लावला. म्हटलं, कबूल करून मोकळं व्हावं. ती म्हणाली, "काकी, ऑपरेशन छान झालं. फक्त डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्यांतनं पाणी काढायचं नाही. रडायचं नाही, चिडायचं नाही. बाबांना काही वाईट सांगू नका, एवढंच." आणि फोन अण्णांकडं दिला.

"वहिनी, माझं मशीन झाकलंय ना?"

"झाकलंय, अण्णा."

"उंदीर लागतील, बघा बरं."

"बघते."

फोन ठेवला आणि मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुम्ही खेळून त्या दरवाज्यापर्यंत पोचवा. तुम्हाला जमेल."

"सहामाहीचे पेपर आलेत. दीडशेचा गठ्ठा. आणि काकी, घाण कुणी केली?"

"मी."

"मग उरका. मी जमेल तशी मधल्या सुट्टीत येऊन सांगत जाईन."

आता माझी गंमत बघा. एवढी वर्षं गेम लावून दिले, बंद केले, "उठा, वेळ झाली" म्हणून लोकांच्या मागं लागले. पण स्वतः कधी खेळले नव्हते. तुपाच्या दुकानात आयुष्य काढावं आणि घास कोरडाच खावा, तसं माझं. हातात पंधरवडाही नव्हता. दुपारी बारा ते चार दुकान ओस असतं, तेवढाच वेळ. मॅडमनी अण्णांसारखा मिशीवाला गडी करून दिला, पुढं कोण काय म्हणेल ते मराठीत लिहून दिलं आणि मी तीन नंबरवर बसले.

पहिले चार दिवस मी नुसती चालले. माझं माहेर तळेघर. तिथं दिवसाला दोन गाड्या, एक चुकली की डोंगर तुडवत जायचं. त्यामुळं गेममध्ये कुणी म्हणालं, अमुक गावाला जा, की मी आपली चालायला लागायचे. ओढे ओलांडले, घाट चढले, एका घाटात तर बसून दम खाल्ला, मीही आणि गड्यानंही. चौथ्या दिवशी मॅडम आल्या.

"काकी, एवढंच झालं?"

"लांब आहे हो गाव."

मॅडमनी नकाशा उघडून गावावर बोट ठेवलं. गडी एका क्षणात तिथं. मी कपाळावर हात मारला. तळेघरला हे कुणी का नाही आणलं?

दुसरं संकट उपासाचं. माझे नऊ दिवसांचे उपास. आणि हा गडी मारामारीत जखमी झाला की काहीतरी खाऊन बरा व्हायचा, आणि त्याच्या पिशवीत सगळं हरणाचं, सशाचं. माझ्या हातानं नवरात्रात मटण खायला घालायचं? बोट उचलेना. शेवटी मी त्याला सफरचंदांवर ठेवला. एक लढाई झाली की आठ-आठ सफरचंदं. आमचे हे बाहेरून डोकावून म्हणाले, "त्याला राजगिऱ्याचे लाडू पण बांधून दे. आणि संध्याकाळी आरतीला बोलाव."

पण खरी अडचण चोरीची.

अण्णांचा गडी चोर, म्हणजे माझ्या गड्यालाही चोर व्हावं लागणार. पहिल्याच घरात गेले. म्हातारी चुलीपाशी बसलेली, समोर फळीवर पळी. मॅडम म्हणाल्या, "ती तिकडं बघतेय, उचला." माझं बोट चालेना. न विचारता दुसऱ्याच्या घरात आलो हेच मला कसंतरी वाटत होतं. मी बाहेर आले, सरळ बाजारात गेले आणि तीच पळी दुकानदाराकडून विकत घेतली.

"काकी, हे काय?"

"घरात पळ्या दिसल्या म्हणजे झालं ना? त्या कुठून आल्या ते पळ्या थोड्याच सांगणार?"

मग माझी पद्धतच ठरून गेली. औषधी पाला तोडायचा, विकायचा, त्यातून पळ्या घ्यायच्या. लोकांची कामं करायची. कुणाची शेळी हरवली, कुणाचं पत्र पोचवायचं, कुणाच्या नवऱ्याला गुत्त्यावरून घरी आणायचं. चोरीची वाट बंद झाली की शेवटच्या दरवाज्याला दुसरी वाट होती, लांबची. मी ती धरली. सांगू का, आठव्या दिवशी दुपारचे चार कधी वाजले कळलं नाही. बाहेरून ह्यांनी हाक मारली, "अगं, गिऱ्हाईक आलंय," आणि माझ्या तोंडून निघालं, "पाच मिनिटं थांबा!" जे वाक्य ऐकून मी लोकांची मशिनं बंद केली, तेच. त्या सगळ्यांची इथं माफी मागते.

चोरी एकच झाली. दसऱ्याच्या दिवशी. घाईत बोट घसरलं आणि एका झोपडीतली लाकडी पळी माझ्या पिशवीत आली. लगेच शिपाई. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. पळी परत करायची सोय त्या गेमात नाही. मुकाट्यानं तुरुंगात गेले, शिक्षा भोगली, बाहेर आले. कुणाला सांगितलं नाही, मॅडमना पण नाही.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दरवाजा दिसला. घर पळ्यांनी भरलेलं, गडी मिशीवाला, पुढं दगडी दरवाजा. तिथं खुंट्याला बांधलं आणि खोळ घातली.

अण्णा आले ते काळा गॉगल लावून, लेकीनं दिलेल्या बासुंदीचा डबा घेऊन. मॅडमही हजर. मी खोळ काढली. अण्णांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि आधी पडदा नुसता बघत राहिले. "आयला, बर्फ पांढरा हाये व्हय! मला वाटलं पिवळट." मग म्हणाले, "दार उघडायच्या आधी एकदा गावात चक्कर मारतो. सगळ्यांना दाखवतो, अजून धरता आलं न्हाई म्हनून."

 हे आमच्या हिशेबात नव्हतं.

गडी गावात शिरला. वेशीवर शिपाई. अण्णांनी सवयीनं खांदे आक्रसले. "चेकर." शिपायानं वाकून नमस्कार केला. अण्णा थबकले. पुढं एक बाई आली, तिनं भाकरी दिली. एक पोरगं मागं मागं धावत आलं. दुकानदार उठून उभा राहिला. मॅडम वाचून मराठीत सांगत होत्या, कारण अण्णांचाही इंग्रजीशी संबंध तिकिटापुरताच. "तो म्हणतोय, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत."

अण्णांनी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. "डाक्टरनं डोळा बदलला का मानूस? ह्यो कोन साधू?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. टोपली, घट, सफरचंदं, विकत घेतलेल्या पळ्या, सगळं. डोळ्यांतून पाणी काढू नका म्हणून आधी दोनदा बजावलं.

अण्णांनी माऊस बाजूला सारला. मग म्हणाले, "वहिनी, वर्षभर घाम गाळून मी चोर झालो व्हतो. बत्तीस वर्ष सरळ वागलो, घरी आलो तरी सरळच, नातवंडं बी म्हनत्यात आजोबा सरळ. हितं एक जागा व्हती. तर तुमी हितं येऊन बी मला सरळ करून ठेवलं?"

"चुकले, अण्णा."

"पळ्या इकत घेतल्या! अवो, इकत घेतलेल्या पळीत काय गंमत?"

मॅडम खिडकीकडं तोंड करून हसत होत्या, खांदे हलत होते. मी म्हणाले, "दरवाजा मात्र उघडला नाही. तो तुमचा होता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. गॉगल खाली ओढला आणि दरवाजा उघडला.

आत तो म्हातारा बसलेला, पुढ्यात पोथी. तो वाचायला लागला आणि मॅडम एकेक ओळ सांगायला लागल्या. ह्या माणसानं कुणाचं अडलेलं काम टाकलं नाही. दिलेला शब्द पाळला. वाटेत भेटलेल्या माणसाला त्याच्या गावी पोचवलं. ह्याच्या हातून कुणाचं नुकसान झालं नाही.   मला अण्णांच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम आठवला. शाल, नारळ, आणि साहेबांनी भाषणात त्यांचं नाव चुकवून दुसऱ्याच कुणाचं कौतुक केलं होतं. अण्णांनी तो नारळ तसाच घरी आणला होता.

मग मॅडम थांबल्या. "आणि शेवटी लिहिलंय, चोरी: एक."

"एक?" अण्णा माझ्याकडं वळले. "ही कुनी केली?"

"बोट घसरलं. दसऱ्याला. शिक्षा भोगली मी."

अण्णा हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. गॉगल काढला, आणि जे डॉक्टरांनी नको म्हटलं होतं ते डोळ्यांतून आलंच. रुमालानं टिपत म्हणाले, "बरोबर हाये. एकच."

"काय एकच?"

"माळशेजच्या पायथ्याला एक बाई चढली व्हती. अंगावरच्या लुगड्यानिशी, दोन पोरं, एक कडेवर. सासरहून निघाली व्हती, परत न जायला. तिकीट इचारलं तर माज्याकडं नुसतं बघत राहिली. म्या तिकीट फाडलं न्हाई. माळशेज चढंपत्तोर काळजात नुसता चेकर. ओतूरला उतरवून दिली. आजवर कुनाला बोललो न्हाई, घरी बी न्हाई. बत्तीस वर्षांत एक." पडद्याकडं बोट करून म्हणाले, "ह्या म्हाताऱ्याला कसं कळलं कुनास ठाऊक."

मॅडमनी वही मिटली. बासुंदीचा डबा उघडला आणि सगळ्यांना वाट्या भरून दिल्या. ह्यांनाही बाहेर एक गेली.

वाटी चाटूनपुसून झाल्यावर अण्णा पुन्हा खुर्चीवर बसले आणि बाह्या सरसावल्या. "चला. नवा गडी. पहिल्यापासनं. आन ह्यो चोरच ऱ्हानार, आधीच सांगून ठेवतो. मॅडम, मिशी जरा बारीक करा, वळखू येता कामा न्हाई."

मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. पहिल्याच घरात चुलीपाशी म्हातारी होती. फळीवर पळी.

"ती तिकडं बघतीय," मी हळूच म्हणाले. "उचला."

तर सगळ्यात भारी गेम कुठला, ते बाजारात अडवणाऱ्या त्या माणसाला आता सांगते. मॅडमसाठी 'बोलका', अण्णांसाठी 'डोंगराचा', आणि माझ्यासाठी तीन नंबरवर जो कुणी बसलेला असेल त्याचा. आता फोन सगळ्यांच्या खिशात आल्यावर आमच्या सहा मशिनांपैकी चार धूळ खात बसलीत, आतल्या खोलीत झेरॉक्सचे कागद ठेवतो. पण तीन नंबर चालू आहे. त्याच्या डोक्यावर अण्णांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे, आणि दर नवरात्राच्या आधी मी बादली-फडकं घेऊन आत शिरले की ती समोर येते: वहिनी, फक्त काच पुसा.